धरून ठेवलेला हात

भूमच्या स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, आधार कार्ड, शाळेचे दाखले, कुणाच्या मयताची कागदपत्रं, सगळं त्या एकाच मशीनवरून जातं. दुपारनंतर मशीन तापतं आणि त्याच्याबरोबर मीही तापते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. तो पुण्याला कंपनीत असतो, तेव्हा तिथं बसून त्याला हे म्हणायला काही जड जात नाही. घरात माणसं तीनच. मी, माझी मुलगी आणि माझे सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते, मुलगी आबा म्हणते. सासूबाई मुलीच्या जन्माआधीच गेल्या.

मुलगी तेव्हा दुसरीत होती. शाळा सुटली की दुकानात यायची आणि काउंटरच्या आत बसून वाया गेलेल्या कागदांच्या मागच्या बाजूवर चित्रं काढायची. एका दुपारी शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई नोटिशीच्या प्रती काढायला आल्या. गावातल्या लहान मुलांसाठी त्यांनी कब-बुलबुलचा गट सुरू केला होता. स्काउटच्या आधीची पायरी म्हणायची. मुलगे ते कब, मुली त्या बुलबुल. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर खेळ, गाणी, गाठी मारणं, असं काय काय. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की मूल एकटं पाठवू नये, घरातलं एक माणूस बरोबर हवंच.

"बाई, ही अट ठेवली तर निम्मी पोरं येणार नाहीत," मी म्हटलं.

"न येऊ देत. मला नुसती पोरं सांभाळायची नाहीत. घरं जमवायची आहेत," त्या म्हणाल्या.

माझ्या मनात आलं, रिकामपण आलंय यांना. तेवढ्यात त्यांचं लक्ष आत बसलेल्या मुलीकडं गेलं. "डावरी आहेस का गं?" त्यांनी सहज विचारलं. मुलीनं चटकन पेन्सिल उजव्या हातात घेतली. इतकी चटकन, की माझी मलाच लाज वाटली. बाई हसल्या. "राहू दे की. आमच्या गटात हात मिळवतात तो डाव्यानंच," असं म्हणून त्यांनी काउंटरवरून आपला डावा हात आत केला.

मुलीनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्या हाताकडं. मग पेन्सिल खाली ठेवून तिनं आपला डावा हात त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो चांगला हलवला, मोठ्या माणसाचा हलवावा तसा. प्रती घेऊन त्या गेल्या तरी मुलगी आपल्या तळव्याकडं बघत बसली होती.

तिनं पेन्सिल का बदलली हे सांगायला हवं. आमच्या घरात डाव्या हाताचा विषय होता आणि तो काढणारे मामा होते. मामा कधी आवाज चढवून बोलत नाहीत. आयुष्यभर एसटीवर ड्रायव्हर होते. भूमहून धाराशिव, धाराशिवहून तुळजापूर, नळदुर्ग, असल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर त्यांनी गाडी काढली आणि त्यांच्या गाडीतली म्हातारी माणसं डुलक्या घ्यायची, अशी त्यांची ख्याती. गिअर बदललेला कळायचा नाही म्हणतात. पण पोरीनं डाव्या हातानं भाकरी मोडली की ते तिथल्या तिथं थांबवायचे. "त्यो हात न्हाय, माय. ह्यो." तेवढंच. दिवसातून दहादा म्हणावं लागलं तरी आवाज तोच.

तिनं ऐकलं नाही तेव्हा त्यांनी दुसरी युक्ती काढली. जेवायला बसताना तिला आपल्या उजव्या बाजूला बसवायचं आणि तिचा डावा हात आपल्या उजव्या हातात धरून ठेवायचा. मांडीवर, हळू. एकीकडं गोष्ट सांगायची. लांडगा कळपात कसा शिरला, एक कुत्रं कसं नदी ओलांडून परत आलं, असल्या मेंढरांमागच्या गोष्टी, कारण मामांचं लहानपण मेंढरांमागंच गेलेलं. तिचा एक हात असा अडकला की दुसऱ्यानं जेवण्यावाचून इलाज नसायचा. आता त्यांचाही उजवा हात त्यात गुंतलेला, म्हणून ती जेवेपर्यंत त्यांचं ताट तसंच वाढलेलं राहायचं. तिचं झालं की मग ते गार भाकरी खायचे. मी एकदोनदा म्हटलं, "मामा, तुमचं जेवण गार होतंय, सोडा तिला." ते म्हणायचे, "व्हय व्हय," आणि सोडायचे नाहीत.

मुलीला वाटायचं, आबांना आपला हात धरायला आवडतं. तिची काही चूक नव्हती. बघणाऱ्या कुणालाही तसंच वाटलं असतं.

तर ती डाव्या हाताची भेट तिनं घरी आल्या आल्या आबांना सांगितली. "आबा, तिथं डावाच चालतो. बाईंनी सांगितलं. आपण जायचं." मला दुकान होतं, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून गावी आलेली माणसं आपली अडलेली कागदपत्रं घेऊन येतात, ते माझ्या धंद्याचे दिवस. म्हणजे सोबत जाणार ते मामाच. मला वाटलं, हे काही जमायचं नाही. पण नातीनं म्हटलं आणि मामांनी नाही म्हटलं, असं कधी झालेलं नव्हतं. एका जेवणाची गोष्ट तेवढी वेगळी.

पहिल्याच रविवारी दोघं मोपेडवरून गेले. परतले ते धुळीनं माखून. मुलगी तर मुलगी, मामांच्या पांढऱ्या विजारीच्या गुडघ्यांनाही माती. कुठल्याशा खेळात आजी-आजोबांनाही बसकण मारायला लावलं होतं म्हणे. "बाई लई खमकी हाय," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी.

तिथून पुढं रविवारची सकाळ म्हणजे आमच्या घरात सण. गटाच्या गणवेशाचा आकाशी फ्रॉक मी आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवायची. मामा आपली टोपी स्वतः धुवायचे. मैदानावरच्या कडुलिंबाखाली घरची मंडळी बसायची. कुणाची आई, कुणाचा चुलता, एक आजी तर सीना कोळेगाव धरणाकडच्या खेड्यातून जीपमध्ये बसून यायच्या नातवाला घेऊन. खव्याच्या भट्टीवाला एक बाप पोरांना कधीतरी ताजा खवा आणायचा. ज्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं अशी ही माणसं महिन्या-दोन महिन्यांत एकमेकांच्या घरची दुखणीखुपणी विचारायला लागली. बाई घरं जमवायची म्हणाल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. दुकानात बसून ऐकीव कळलं, पण कळलं.

एकदा बाईंनी मामांना म्हटलं, तुम्ही मेंढरांमागं वाढलात, मुलांना गोफण फिरवून दाखवा की. मामा नको म्हणाले. मुलं मागं लागली. नात तर हट्टालाच पेटली, तिला आपल्या आजोबांची शान मिरवायची होती. बाईंनी आणलेली गोफण मामांनी हातात घेतली, दोरी बोटाला अडकवली, उजवा हात वर नेला आणि खाली घेतला. "आता जमत न्हाय," म्हणाले आणि गोफण गुंडाळून परत दिली. मुलीनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हातारे झालेत आबा." मामा समोरच बसले होते.

मुलीत मात्र फरक दिसायला लागला. मैदानावर ती डाव्यानं चेंडू फेकायची, डाव्यानं गाठ मारायची, आणि तिथं कुणी तिला काही म्हणत नसे. शेवटी सगळ्यांनी एकमेकांचा डावा हात हातात घ्यायचा, मग घरी जायचं. बाकीच्या पोरांचा उजवाच पुढं यायचा, बाई त्यांना हसत हसत थांबवायच्या. हिला एकदाही थांबवावं लागलं नाही. शाळेत, घरात, लग्नकार्यात जिचा हात सगळे खाली करायचे, तिचा हात तिथं सगळ्यांच्या आधी बरोबर असायचा. ती मला दुकानात येऊन सांगायची, "आई, आज पण मी एकटीच बरोबर." मी कागद लावता लावता हं म्हणायची. आता वाटतं, मशीन बंद करून ऐकायला हवं होतं.

तिच्या दीक्षेचा दिवस ठरला. दीक्षा म्हणजे त्या दिवशी मूल सगळ्यांसमोर वचन म्हणतं, बाई त्याच्या गळ्यात स्कार्फ घालतात आणि ते गटात रीतसर येतं. बाईंनी त्यात स्वतःची एक भर घातली होती. आधी त्या मुलाचा डावा हात हातात घ्यायच्या, मग घरातल्या माणसानं पुढं येऊन तसाच डावा हात हातात घ्यायचा. म्हणजे घरानंही मान्य केलं, असं. त्या म्हणायच्या, दोस्ताला डावा हात द्यायचा, कारण तो काळजाजवळचा.

घरातलं माणूस कोण, हे मुलीनं कुणाला विचारलंच नाही. मी त्या दिवसासाठी दुकान बंद ठेवणार होते, तर म्हणाली, "तू ये, पण खाली बस. हात आबांचा." आठवडाभर ती घरात सराव करत होती. दाराशी उभी राहायची, उजव्या हातानं सलाम, मग डावा हात पुढं. मामा खाटेवरून बघायचे आणि हसायचे. "आबा, तुम्ही पण करा ना," म्हटलं की म्हणायचे, "त्या दिशी करू की. आत्ता कशाला?"

मैदानावर पताका लावल्या होत्या. दोन्ही बाजूंना बरीच माणसं होती. मामांच्या गावाकडचेही दोघंचौघं बाजाराला म्हणून आलेले, ते मामांना बघून थांबले होते. मुलीचा नंबर आला. तिनं वचन न अडखळता म्हटलं. बाईंनी स्कार्फ घातला, हात मिळवला आणि म्हणाल्या, "घरच्यांनी यावं."

मामा उठले. पांढरा सदरा, धुतलेली टोपी. तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तिनं सलाम केला. मग डावा हात पुढं केला, आठवडाभर करत होती तसाच, ताठ. तोंडभर हसू.

मामांनी त्या हाताकडं पाहिलं. मग बाजूला उभ्या असलेल्या गावाकडच्या माणसांकडं पाहिलं. त्यांचा डावा हात हललासुद्धा, मी स्वतः पाहिलं, थोडा वर आला. आणि मग त्यांनी उजव्या हातानं तिचा तो पुढं केलेला हात हळूच खाली केला, तिचा उजवा हात उचलला आणि तो हातात घेतला. वरून डोक्यावरून हात फिरवला. जेवणाच्या वेळी बोलायचे त्याच आवाजात काहीतरी म्हणालेही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच जणांना काही चुकलं हे कळलंच नसेल.

मुलगी रडली नाही. ती आपल्या उजव्या हाताकडं बघत जागेवर जाऊन बसली. शेजारचा मुलगा तिला काहीतरी म्हणाला, तेव्हा तिनं सांगितलेलं मला मागं ऐकू आलं. "आमच्या आबांना नियम माहीत नाही." सात-आठ वर्षांच्या पोरीनं आजोबांना असं पाठीशी घातलं. नियम त्यांना माहीत होता हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

घरी येऊन मी भांडले. सासऱ्यांशी मोठ्यानं बोलण्याची माझी ती पहिली वेळ. "मामा, एक हात द्यायचा होता. एवढं काय मोठं मागितलं होतं तिनं? चारचौघांत पोरीचा हात खाली केलात." मामा म्हणाले, "चुकलं माय. म्हाताऱ्या माणसाला कळलं न्हाय." आणि ताटाकडं बघत राहिले. मला राग होता तो या उत्तरानं आणखीच वाढला. खोटं बोलतात हे दिसत होतं. का बोलतात, हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही.

बाईंनी पुढच्या रविवारी निरोप धाडला की आजोबांना आणा, आपण पुन्हा करू, त्यात काय. मामा गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. त्यानंतर त्यांचा गुडघा दर रविवारी दुखायला लागला. मी काही रविवार दुकान उशिरा उघडून तिला नेलं. कडुलिंबाखाली बसून मी घड्याळ बघायची आणि ती मैदानातून माझ्याकडं बघायची. हळूहळू तिनंच, आज नको, म्हणायला सुरुवात केली. फ्रॉक आखूड झाला. नवा शिवायचा का विचारलं तर म्हणाली, राहू दे.

आणि त्याच सुमाराला ती उजवी झाली. कुणी काही न करता. दुकानात चित्र काढताना पेन्सिल उजव्या हातात दिसायला लागली. चित्रं आधीसारखी राहिली नाहीत, रेघा थरथरायच्या, मग चित्रंच कमी झाली. शाळेतल्या बाईंनी अक्षर सुधारा म्हणून वहीत लिहून पाठवलं. जेवताना आबांना हात धरावा लागेना. तरी ती सवयीनं त्यांच्या उजव्या बाजूला बसायची आणि आपला डावा हात आपणहून त्यांच्या हातात देऊन ठेवायची. गोष्ट चालू व्हायची. मामांचं ताट गार व्हायचं. सगळं पहिल्यासारखंच दिसायचं, आणि मला वाटायचं, चला, एक विषय मिटला.

विषय मिटला नव्हता, हे मागच्या वर्षी कळलं. मामा मोपेडवरून बाजारातून येत होते, वळणावर खडी पसरलेली होती, गाडी घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर कोपरापर्यंत. मी मनातल्या मनात सगळी आखणी केली. सकाळी आंघोळीला मदत लागणार, चमच्यानं भरवावं लागणार, दाढीला न्हाव्याला घरी बोलवावं लागणार. नवऱ्याला फोन करून ऐकवलंही, की ये दोन दिवस, तुझे वडील आहेत.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मागच्या अंगणात गेले. भिंतीला टेकवलेला आरसा, खाली पाण्याचा तांब्या, आणि मामा डाव्या हातानं दाढी करत बसले होते. जुना स्टीलचा रेझर. गालावरून, हनुवटीखालून, गळ्याच्या त्या सैल कातडीवरून हात असा सफाईनं फिरत होता की मी चहा हातात घेऊन उभीच राहिले. कुठं थांबणं नाही, कुठं ओरखडा नाही. इतकी वर्षं त्यांची दाढी मी पाहिली होती. उजव्या हातानं करायचे तेव्हा कानाशी हमखास कापून घ्यायचे आणि वर तुरटी फिरवायचे.

आरशात मी दिसले तसा त्यांचा हात थांबला. रेझर पाण्यात बुडवला. बराच वेळ बुडवलेलाच ठेवला.

"मामा," मी म्हटलं, "तुम्ही डावरे आहात."

ते म्हणाले, "व्हय."

मग त्यांनी सांगितलं. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. ते नातीच्या वयाचे होते तेव्हा देवाच्या जत्रेत पोराटोरांनी भंडारा उधळला. सगळ्यांनी उजव्या मुठीनं, यांनी डाव्या. लहान पोर, जो हात पुढं आला त्यानं उधळला. कुणीतरी पाहिलं. त्या पावसाळ्यात मेंढरांना रोग आला आणि कळपच्या कळप दगावला. आमचाच नव्हे, म्हणाले, भावकीतल्या सगळ्यांचा. तेव्हा मेंढरांच्या वाड्यावर कुणीतरी जत्रेची गोष्ट काढली. त्यांना कुणी शिवी दिली नाही की मारलं नाही. नुसतं बघायचे. त्यांच्या आईनं लोकरीची दोरी वळली आणि त्यांचा डावा हात कमरेला बांधला. तो पावसाळा तो हात बांधलेलाच होता. रात्री झोपताना आई दोरी सोडायची आणि हाताला तेल चोळायची.

"आई रडायची," मामा म्हणाले. "पर बांधायची. कुणी दावा धरून न्हाय केलं. लई लाडानंच केलं सगळ्यांनी."

"आणि गोफण?" मी विचारलं.

"गोफण डाव्याचीच हुती माझी. लांडगा परतवल्याला हाय म्या त्या हातानं. मंग कवा धरलीच न्हाय." आणि पुढं म्हणाले, "एसटीत बरं हुतं. गिअर डाव्या हातातच असतंय. कोण काय म्हणंना."

मला त्यांच्या गाडीत डुलक्या घेणारी ती म्हातारी माणसं आठवली. त्या हाताला सगळ्या आयुष्यात तेवढंच एक काम उजळ माथ्यानं करायला मिळालं होतं.

"मैदानावर गावाकडची माणसं हुती," मामा आपणहून बोलले. दीक्षेचं नाव मी काढलं नव्हतं. "पोरगी हात पुढं करून हुभी. मला वाटलं, उद्या गावात काय वंगाळ झालं तर हिच्याकडं बघतील. माझ्याकडं बघायचे तसं. आता काळ बदलला म्हंत्यात. पर त्या टायमाला मला ते काय सुचलं न्हाय. म्या हात खाली केला."

त्या दिवशी मी मोठ्यानं भांडले होते, आणि भांडण्याऐवजी असंच मागच्या अंगणात येऊन बसले असते तर कदाचित हे तेव्हाच निघालं असतं. मग बाईंचा निरोप आला तेव्हा त्यांचा गुडघा दुखला नसता. मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. त्यांच्यासाठी किती आणि पोरीसाठी किती, ते मला वेगळं करता येत नाही.

चहा गार झाला होता. मी दुसरा करते म्हटलं. ते म्हणाले, "तिला सांग माय, तुझ्या हातानं लिही म्हणून. माझं ऐकायची न्हाय आता." हे त्यांनी म्हणावं याचं मला हसू आलं आणि डोळ्यांतही पाणी आलं.

रविवार होता. मी दुकान उघडलंच नाही. दुपारी तिघांची ताटं वाढली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. मामांना चमचा दिला होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. डाव्या हातानं भाकरी मोडली, भाजीत बुडवली आणि खाल्ली. नातीसमोर, भर दुपारी, उघड. मुलगी बघत होती. तेव्हा ती चौथीत होती, सगळं समजत होतं तिला.

"आबा, तुम्हाला डाव्यानं येतं?"

"येतं की. माझा ह्योच हात हाय." मग ताटावरून नजर न उचलता ते म्हणाले, "तुझा बी. त्या हातानं खा. कोण काय म्हणत न्हाय."

मुलीनं भाकरीचा तुकडा डाव्या हातात घेतला. भाजी वाटेतच सांडली. तिनं पुन्हा केलं. बोटं एकमेकांत अडकत होती. पहिल्यांदा भाकरी हातात घेतलेल्या मुलासारखी ती त्या हाताकडं बघत होती, आणि मामा तिच्याकडं. मग तिनं तुकडा उजव्या हातात घेतला आणि खाऊन टाकला. वाईट वाटून नाही, राग येऊनही नाही. जमलं नाही म्हणून.

"सवय गेली, आबा," ती म्हणाली.

आणि मग तिनं नेहमीसारखा आपला डावा हात त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला, धरण्यासाठी. तिथं प्लॅस्टर होतं. ती थांबून राहिली. "धरा ना," म्हणाली. "कुत्र्याची गोष्ट सांगा."

मामांनी हातातला घास खाली ठेवला. डावा हात विजारीला पुसला आणि पोटावरून वळवून तिचा हात त्यात घेतला. डाव्यात डावा. त्यांनी गोष्ट सुरू केली, कुत्रं नदीपाशी येईपर्यंत सांगितली आणि मग त्यांना पुढं बोलता येईना. मुलगी म्हणाली, पुढं मला माहीत आहे, आणि ती स्वतःच सांगू लागली, उजव्या हातानं जेवता जेवता. तिचं जेवण होईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. त्यांचं ताट तसंच होतं. मी काही त्यांना, जेवण गार होतंय, म्हटलं नाही.